जुळवणीत हरवणारी स्मृती

(दृश्य: कॅलिफोर्नियातली आयर्न माउंटनची रिचमंड खाण. अंधारा बोगदा, साचलेलं पाणी, पाण्यावर गुलाबी थर.)

हे पाणी म्हणजे जवळजवळ सल्फ्युरिक आम्लच. सामू १ च्या आसपास. तरीही त्याच्यावर जिवाणू आणि आर्किया (जिवाणूंसारखेच, पण वेगळ्या कुळातले सूक्ष्मजीव) यांचा जिवंत थर तरंगतोय. २००४ मध्ये जीन टायसन, जिलियन बॅनफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या थरातला सगळा डीएनए एकत्रच वाचला. एकही सूक्ष्मजीव वेगळा न वाढवता त्यांनी त्यातल्या काहींचे जवळपास पूर्ण जीनोम, म्हणजे सगळ्या डीएनएचा अक्षरक्रम, उभे केले. मेटाजिनोमिक्स, म्हणजे अख्ख्या वस्तीचा डीएनए एकत्र वाचणं, ही काय ताकदीची गोष्ट आहे, हे त्या कामाने जगाला दाखवलं.

पुढे याच खाणीत आणखी काही दिसलं. ज्यांचे जीनोम एकमेकांशी खूप जुळतात, अशा जिवाणूंमध्येही एक जागा मात्र भराभर बदलत होती. ती जागा म्हणजे क्रिस्पर.

क्रिस्पर म्हटलं की आज जनुकं कापण्याची कात्री आणि २०२० चं नोबेल आठवतं. आपण जाणार आहोत त्याच्या मूळ घरी, जिवाणूच्या पेशीत. १९८७ मध्ये ओसाका विद्यापीठात योशिझुमी इशिनो आणि सहकाऱ्यांना ई. कोलाय या जिवाणूच्या डीएनएमध्ये २९ अक्षरांचा एक क्रम पुन्हा पुन्हा आढळला. दर दोन आवर्तनांच्या मध्ये ३२ अक्षरं, आणि ती दर वेळी वेगळी. हे कशासाठी आहे, हे तेव्हा कुणालाच सांगता येईना. २००५ मध्ये स्पेनमधल्या फ्रान्सिस्को मोहिका यांच्यासह तीन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की मधली अक्षरं, म्हणजे स्पेसर, बरेचदा विषाणूंच्या डीएनएशी जुळतात. दोनच वर्षांनी डॅनिस्को कंपनीतल्या संशोधकांनी दह्याच्या विरजणातल्या जिवाणूवर प्रयोग करून ते पक्कं केलं: हल्ला करणाऱ्या फेजच्या, म्हणजे जिवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूच्या, डीएनएचा तुकडा जिवाणू स्वतःच्या जीनोममध्ये ठेवून घेतो, आणि तोच फेज पुन्हा आला की त्याला ओळखतो.

नवा स्पेसर सहसा एकाच टोकाला जोडला जातो. त्यामुळे ही नुसती यादी नाही. कोण आधी आला आणि कोण नंतर, हा क्रमही तिच्यात टिकतो.

(दृश्य: पडद्यावर ए, टी, जी, सी अक्षरांचे छोटे छोटे तुकडे, हजारोंनी.)

अडचण इथे सुरू होते. यंत्रातून डीएनए अखंड मिळत नाही. मिळतात ते बहुतेकदा छोटे तुकडे, ज्यांना रीड म्हणतात, शंभर-दीडशे अक्षरांचे. एखाद्या अभंगाच्या अनेक प्रती फाडून त्यांचे कपटे मिसळले, असं समजा. ध्रुवपद प्रत्येक कडव्यानंतर तेच. हातात आलेल्या कपट्यावर ध्रुवपदच असेल, तर तो कोणत्या कडव्यामागचा? त्यातही प्रत्येक प्रतीत कडवी थोडी वेगळी. तुकडे जोडणारं नेहमीचं सॉफ्टवेअर, म्हणजे असेंब्लर, इथे गोंधळतं. सारखी आवर्तनं ते एकावर एक चढवतं, किंवा जोडकाम तिथेच तोडतं. थोड्याच जिवाणूंकडे असलेले स्पेसर तर शेवटच्या निकालात उरतच नाहीत.

माझ्या मते हे नुकसान फार मोठं आहे. कारण जो फरक गुळगुळीत केला जातो, तीच तर त्या वस्तीची आठवण असते.

मग असेंब्ली, म्हणजे हे जोडकाम, टाळूनच शोध घेतला तर? ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात कॉनर स्केनर्टन, मायकेल इमेलफोर्ट आणि जीन टायसन यांनी नेमकं हेच केलं. टायसन म्हणजे तेच, रिचमंड खाणीतले. त्यांच्या प्रोग्रॅमचं नाव क्रास. २०१३ मध्ये त्याचा शोधनिबंध आला. प्रोग्रॅम सी प्लस प्लस या संगणकभाषेत लिहिलेला आहे आणि त्याचा सगळा कोड खुला आहे.

क्रास कच्चे रीडच वाचतो. एकाच रीडमध्ये, ठरावीक अंतरावर, तोच क्रम दोनदा येतोय का, हे आधी पाहतो. आवर्तन साधारण २३ ते ४७ अक्षरांचं हवं आणि स्पेसर २६ ते ५० चा. स्पेसर एकमेकांसारखेच निघाले तर ते क्रिस्पर नव्हे, साधी पुनरावृत्ती. ती बाजूला जाते.

इथे जरा थांबून हिशेब करू. इशिनोंचेच आकडे घ्या. दोन पूर्ण आवर्तनं आणि मधला एक स्पेसर मिळून ९० अक्षरं. रीड १०० अक्षरांचा. तो क्रिस्परच्या आत कुठूनही सुरू होऊ शकतो, म्हणजे एकूण ६१ शक्यता. त्यातल्या फक्त ११ मध्ये दोन्ही आवर्तनं पूर्ण सापडतात. पाच रीडमागे एकही धड नाही! पण एक पूर्ण आवर्तन मात्र प्रत्येक रीडमध्ये असतंच.

म्हणून क्रास दुसरी फेरी मारतो. पहिल्या फेरीत सापडलेली आवर्तनं हाताशी घेऊन तो सगळे रीड पुन्हा चाळतो आणि ज्यात आवर्तन एकदाच आलंय, तेही गोळा करतो. या पद्धतीतली मला सर्वात आवडणारी गोष्ट हीच. आधी काय शोधायचं ते माहीत नसतं. ते डेटाकडूनच शिकायचं आणि मग त्याच डेटाला पुन्हा विचारायचं.

(दृश्य: आलेख. ठिपक्यांची एक ओळ, मध्येच फुटलेले फाटे.)

शेवटी मिळतो हा आलेख. प्रत्येक ठिपका म्हणजे एक स्पेसर, रेघ म्हणजे शेजार. जिथे फाटा फुटतो, तिथे वस्तीतल्या काही जिवाणूंनी वेगळा स्पेसर उचललेला असू शकतो. असेंब्लीने आधी तपासून झालेल्या नमुन्यांमध्येही क्रासला कितीतरी जास्त क्रिस्पर सापडले. त्यातले काही स्पेसर त्याच ठिकाणच्या फेजशी जुळले. कोणता फेज कोणाला गाठतो, याचा तो थेट धागा.

क्रासला सगळं जमतं असं नाही. हे आवर्तन कोणत्या जिवाणूचं, हे तो सांगत नाही. त्यासाठी असेंब्लीकडेच वळावं लागतं. स्केनर्टन यांचंच मिनसेड नावाचं दुसरं साधन जोडलेल्या क्रमांवर क्रिस्पर शोधतं. तेही खुलं आहे, आणि ते उभं आहे सीआरटी या त्याहून जुन्या प्रोग्रॅमवर. दुसऱ्याने लिहिलेला कोड उघडून वाचता आला, बदलता आला, म्हणूनच हे झालं. आवर्तनाची लांबी कुठे ठरवली, कोणता तुकडा का वगळला, हे कोणत्याही विद्यार्थ्याला स्वतः तपासता येतं.

जगभरच्या सार्वजनिक साठ्यांमध्ये नद्या, माती, सांडपाणी, माणसाचं आतडं यांतले कच्चे रीड पडून आहेत. एकाच जागेचे, वेगवेगळ्या तारखांचे दोन नमुने घ्या. दोन्ही क्रासमधून काढा आणि आलेखांची नवी टोकं शेजारी ठेवा. दुसऱ्यात जे स्पेसर जास्तीचे दिसतील, त्यांच्याशी जुळणारा फेज त्याच नमुन्यात शोधायला घ्या.