भिंतीला ओल: आधी वेळ बघा, मग छिन्नी उचला

भिंतीला ओल दिसली की आपल्याकडे पहिला फोन रंगाऱ्याला जातो. तो पोपडे खरवडतो, वॉटरप्रूफिंगचे दोन हात मारतो, पुट्टी ओढतो. पुढच्या पावसाळ्यात फुगा तिथेच, नाहीतर हातभर बाजूला. म्हणून आज दुरुस्तीबद्दल बोलायचं नाही, फक्त पाणी कुठून येतं ते शोधायचं.

पहिलं काम फुकटचं. डागाच्या कडेने पेन्सिलीची रेघ मारा, शेजारी तारीख लिहा. आठवडाभर रोज बघा. पाऊस पडला की डाग वाढतो आणि उघडीप मिळाली की आक्रसतो, तर गच्ची किंवा बाहेरची भिंत. घरात वापर असेल तेव्हाच वाढतो, सगळे गावाला गेले की सुकतो, तर सांडपाण्याची लाइन किंवा बाथरूमची फरशी. पाऊस असो नसो, वापर असो नसो, सतत ओलंच, तर टाकीकडून येणारा पाइप. त्यात रात्रंदिवस पाणी भरलेलं असतं.

आता बाथरूमला लागून असलेली बेडरूमची भिंत घेऊ, कारण फ्लॅटमधल्या बहुतेक तक्रारी तिथल्याच. डाग जमिनीपासून फूटभर उंच. आधी त्या बाथरूमचा मुख्य व्हॉल्व्ह दोन-तीन दिवस बंद ठेवा आणि बादलीने पाणी आणून नेहमीसारखीच आंघोळ करा. डाग मागे सरला तर दोष भिंतीतल्या पाइपचा. नाही सरला, तर व्हॉल्व्ह उघडा आणि फरशीकडे वळा. नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे फरशीतलं पाणी ज्या जाळीतून जातं त्याच्या, तोंडात प्लास्टिकच्या पिशवीत ओली वाळू भरून घट्ट बसवा, फरशीवर इंचभर पाणी साठवा, त्यात खायचा रंग टाका आणि २४ तास सोडा. पाणी उंबऱ्याच्या वर जाऊ देऊ नका. डाग वाढला तर फरशीचे सांधे किंवा खालचं वॉटरप्रूफिंग गेलंय. वाढला नाही, तर बोळा काढून सगळं पाणी एकदम सोडा. त्यानंतर ओल आली तर ट्रॅपचा जोड किंवा पुढचा पाइप. ही शेवटची पायरी लोक गाळतात आणि चांगली फरशी उगाच फोडतात.

एक गफलत मात्र होते. बाथरूमचा स्लॅब बरेचदा खाली घेतलेला असतो आणि तो खड्डा वीटतुकड्यांनी भरलेला असतो. तो भराव पाणी धरून ठेवतो. गळती थांबली तरी खालच्या मजल्यावर कित्येक दिवस थेंब पडत राहतात. त्यामुळे एका दिवसात निकाल देऊ नका.

बाहेरून येणाऱ्या पाण्याच्या जागा ठरलेल्या: बीम आणि विटांच्या भिंतीच्या सांध्यातली चीर, आतल्या बाजूला उतार असलेली खिडकीची पट्टी, एसीच्या पाइपसाठी पाडलेलं आणि न बुजवलेलं भोक. गच्चीवर पॅरापेट (कठडा) आणि कोबा (गच्चीचा वरचा थर) यांच्या कोपऱ्यात गोलाई देऊन केलेला वाटा तडकलाय का आणि पाणी जायच्या तोंडाशी पाला अडकलाय का, ते बघा. छताचा डाग आणि वरची चीर क्वचितच एका रेषेत असतात. पाणी स्लॅबमधून उताराने सरकत येतं.

कधीकधी गळती नसतेच. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर साधारण २६ अंशांखालच्या पृष्ठभागावर दव धरतं. पलीकडे शेजाऱ्याचा एसी २२ वर चालत असेल, तर तुमची भिंत २६ च्या खाली जाऊ शकते. कपाटामागची काळी बुरशी बरेचदा यातलीच. खात्री करायला भिंत वरवर पुसून फूटभर अॅल्युमिनियम फॉइल चारही कडांना टेपने चिकटवा. दोन दिवसांनी पाणी खोलीकडच्या बाजूला असेल तर हवेतलं. भिंतीकडच्या बाजूला असेल तर भिंतीतलं.

तळमजल्यावर किंवा जुन्या घरात ओल खालून चढते. ती सहसा मीटरभराच्या आतच थांबते आणि वरच्या कडेला पांढरा खार धरते. बाहेर बागेची माती किंवा पेव्हर ब्लॉक जोत्याच्या वर चढलेत का, हे आधी तपासा. ओल मोजायचं मीटर इथे फसवतं: खारामुळे जवळपास सुकलेली भिंतही ओली दाखवते.

सोसायटीत हा शोध पैशाचाही प्रश्न असतो. महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमावलीप्रमाणे) पावसाची बाहेरून येणारी गळती आणि सामाईक पाइप सोसायटीच्या खर्चात. संडास-सिंकची आतली गळती सदस्याच्या. अर्ज कराल तेव्हा पेन्सिलीच्या रेघांचे, तारखा दिसतील असे फोटो जोडा.