जास्त काम केलं तर उद्या काय होईल?

मंडळी, माझे आजोबा लालबागला एका गिरणीत मागावर होते. गावाकडून नवा पोरगा लागला आणि उत्साहात भराभर कापड काढायला लागला की ते त्याला जेवणाच्या सुट्टीत बाजूला घ्यायचे आणि सांगायचे, बाळा, आज तू एवढं काढलंस तर उद्या साहेब सगळ्यांकडून तेवढंच मागेल, वर दरही पाडेल. लहानपणी मला वाटायचं आजोबा कामचुकारपणा शिकवतायत. आता वाटतं, माणूस कशासाठी राबतो याचं उत्तर शोधायचं तर इथूनच सुरुवात करायला हवी.

आपल्याकडे नेहमी म्हणतात, समाजवादात सगळ्यांना सारखा पगार, मग घाम कोण गाळेल? पण सोव्हिएत रशियात सारखा पगार नव्हताच! स्टालिनने १९३१ सालीच सरसकट समान पगाराविरुद्ध जाहीर भाषण केलं आणि कारखान्यांमध्ये जेवढा माल तेवढा पैसा, म्हणजे आपला पीस रेट, जोरात चालला. १९३५ च्या ऑगस्टअखेरीस डोनबासच्या खाणीत अलेक्सेई स्ताखानोवने एका पाळीत १०२ टन कोळसा काढला, टार्गेट होतं ७ टन. छताला लाकडी टेकू लावायला त्याला वेगळी माणसं दिली होती, एरवी कोळसा फोडणाऱ्यालाच मधे थांबून ते करावं लागायचं, पण नाव गाजलं एकट्याचं. देशभर त्याचं अनुकरण सुरू झालं, विक्रमवीरांना मान मिळाला, पैसा मिळाला, आणि १९३६ मधे काय झालं, तर एकामागून एक उद्योगात सगळ्यांचीच टार्गेट्स वाढवली. काही ठिकाणी सोबतच्या कामगारांनी विक्रमवीरांना मारहाणही केली. मारहाणीचं समर्थन मी करणार नाही, पण तो राग मला कळतो. पुढे १९४० मधे कायदाच आला की परवानगीशिवाय नोकरी सोडणं हा गुन्हा.

आता मुंबईत या. १९२८ साली मालकांनी विणकरांवर दोनाऐवजी तीन माग टाकायला सुरुवात केली, इतर खात्यांतही तेच, आणि दीड लाखाच्या आसपास गिरणी कामगार एप्रिल ते ऑक्टोबर संपावर राहिले, सहा महिने पगार नाही, त्या घरांमधे चुली कशा पेटल्या असतील याचा विचार करा. लाल बावट्याची, म्हणजे कम्युनिस्टांची, गिरणी कामगार युनियन याच संपात उभी राहिली. आणि सातच वर्षांनी रशियात, विचुगा गावच्या येवदोकिया आणि मारिया विनोग्रादोवा या विणकर मुली २१६ माग सांभाळतात म्हणून त्याच लाल झेंड्याखाली त्यांचा गौरव झाला! त्यांचे माग ऑटोमॅटिक होते हे खरं, त्यामुळे तीन आणि दोनशे सोळा अशी थेट तुलना करू नये, पण दोन्हीकडे किती माग चालवायचे हे ठरवणारा माणूस मागापाशी उभा नव्हता.

अमेरिकेत मोटारी बनवणाऱ्या फोर्डने पैशाने प्रश्न सोडवला असं सांगतात. असेंब्ली लाइनचं, म्हणजे पुढे सरकणाऱ्या मालावर तेच ते काम करत राहण्याचं, काम इतकं जीवघेणं होतं की १९१३ मधे साधारण चौदा हजार माणसं टिकवायला वर्षभरात पन्नास हजारांवर भरती करावी लागली. जानेवारी १९१४ मधे दिवसाला पाच डॉलर आणि आठ तासांची पाळी जाहीर झाली, माणसं टिकली. पण त्यातला जवळपास अर्धा पैसा अटींवर होता, कंपनीची माणसं घरी येऊन बघायची दारू पितोस का, बचत करतोस का. आणि लाइन किती वेगाने पळवायची ते कंपनीच्याच हातात.

या सगळ्यात मला सगळ्यात जवळचं वाटतं ते चीनमधलं शियाओगांग गाव. तिथे सामुदायिक शेती, कामाचे गुण मिळायचे आणि त्यावर वाटा ठरायचा, आणि मन लावून राबलं काय किंवा ढकलगाडी केली काय, पोट रिकामंच. १९७८ च्या हिवाळ्यात अठरा घरांच्या लोकांनी चोरून एक कागद केला, अंगठे उठवले. जमीन घरागणिक वाटायची, सरकारचा ठरलेला वाटा द्यायचा, उरेल ते ज्याचं त्याचं. पकडले गेलो आणि कोणी तुरुंगात गेला तर त्याची पोरं अठरा वर्षांची होईपर्यंत बाकीच्यांनी सांभाळायची, हेही त्यात लिहिलं होतं. पुढच्या वर्षी त्याच जमिनीत, त्याच माणसांनी आधीच्या कित्येक पट धान्य काढलं, आणि या वेळी उरलेलं पोतं खरंच घरी गेलं.