ज्याला आपण नरक्या म्हणतो

(आंबा घाट. धुकं. पाण्याचा आवाज.)

श्रावणात आंबा घाटात गाडीतून उतरलं की आधी ओल्या मातीचा वास येतो. रस्ता सोडून रानात शंभर पावलं गेलं की दुसराच वास नाकात शिरतो. वाटतं, जवळपास काहीतरी मेलंय. मेलेलं काही नसतं. एक झाड फुलावर आलेलं असतं.

हे ते झाड. फार मोठं नाही. करडी, सुरकुतलेली साल, वीतभर पानं. फुलं पिवळसर पांढरी, बोटाच्या पेरापेक्षाही लहान. पाकळ्यांना आतून बारीक लव असते, ती कॅमेरा अगदी टेकवल्यावरच दिसली. माश्यांना मात्र लांबूनच पत्ता लागतो.

"ह्येला नरक्या म्हंत्यात. नावातच आलं की सगळं."

शास्त्रातलं नाव नोथापोडायटिस निम्मोनियाना. जुन्या पुस्तकांत मॅपिया फोइटिडा. फोइटिडा म्हणजे दुर्गंधीचं. वास लॅटिनमध्येही उतरलाय.

शाहूवाडीपासून राधानगरी, चंदगडपर्यंत आपल्या घाटमाथ्यावर हे झाड आहे. याच्या लाकडात आणि मुळांत एक द्रव्य असतं, कॅम्प्टोथेसिन. त्यापासून कॅन्सरवरची औषधं घडतात. प्रमाण अगदी थोडं, बहुतेक झाडांत शेकडा एक टक्कासुद्धा भरत नाही. त्या थोड्यासाठी या झाडाचं काय झालं, ते पुढे येतंच. आधी ते द्रव्य सापडलं कसं, ते ऐका.

(जुनं छायाचित्र.)

१९६६. अमेरिकेतली उत्तर कॅरोलिना. मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या दोघांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन वेगळं काढलं आणि त्याची रचना उलगडली. यातले वाणी आपल्या नंदुरबारचे, १९२५ सालचा जन्म. मुंबई विद्यापीठात शिकले आणि मग सातासमुद्रापार गेले. पुढे टॅक्सॉल हे कॅन्सरवरचं दुसरं मोठं औषधही याच जोडीनं झाडाच्या सालीतून शोधलं. खानदेशातल्या या माणसाचं नाव आपल्या शाळांतल्या किती पोरांना माहीत आहे?

त्या चिनी झाडाला तिथले लोक 'शीशू' म्हणतात. म्हणजे आनंदाचं झाड. सहाच वर्षांनी, १९७२ मध्ये, गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना तेच द्रव्य नरक्यात सापडलं. त्यांच्याकडे आनंद, आपल्याकडे नरक. आत द्रव्य एकच.

(क्लोजअप: म्हाताऱ्याच्या हातात दोर.)

हा दोर बघा. दोन पेड एकमेकांत वळलेले. मधूनच पेड सोडवायला गेलं की पुढचा पीळ आणखी घट्ट होत जातो आणि दोर गुंतून बसतो. आपल्या पेशीतला डीएनए असाच वळलेला असतो. पेशी दुप्पट होण्याआधी त्याचे पेड सुटावे लागतात, आणि पीळ बसला की टोपोआयसोमरेझ नावाचं एक विकर (एन्झाइम) मदतीला येतं. ते एक पेड कापतं, पीळ सैल करतं आणि कापलेलं पुन्हा जोडतं. कॅम्प्टोथेसिन नेमकं त्या कापलेल्या फटीत जाऊन बसतं. पेड जुळत नाही. नक्कल करणारी यंत्रणा तिथं येऊन आदळते, अख्खा दोर तुटतो आणि पेशी मरते. कॅन्सरची पेशी सारखी दुप्पट होत असते, म्हणून घाव तिच्यावर जास्त बसतो.

हे कोडं १९८५ मध्ये सुटलं. त्याआधी सत्तरच्या दशकात रोग्यांवर झालेल्या चाचण्या थांबवाव्या लागल्या होत्या, मूत्राशयाला फार इजा होत होती. मग द्रव्यात बदल करून दोन औषधं घडवली, टोपोटेकन आणि इरिनोटेकन. अमेरिकेत १९९६ मध्ये दोन्हींना परवानगी मिळाली, पहिल्याला अंडाशयाच्या आणि दुसऱ्याला मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी.

(कोल्हापूर. कपिलतीर्थ मंडई. भाज्यांचे ढीग.)

चित्रीकरण सुरू असताना एकानं विचारलं, "मग रोज याच्या सालीचा काढा घेतला तर कॅन्सर व्हायचाच न्हाई की?" नाही. कृपा करून घेऊ नका. हे द्रव्य निरोगी पेशीलाही सोडत नाही. ते औषध आहे, तेही डॉक्टरांच्या हातात आणि मोजून दिलेलं.

कॅन्सर टाळण्याची गोष्ट या मंडईत आहे. पालेभाज्या, कडधान्यं, फळं. हळदीतल्या कर्क्युमिनवर प्रयोगशाळेत पुष्कळ काम झालंय, पण पोटात गेल्यावर रक्तात ते फारच थोडं उतरतं. आमटीत हळद जरूर घाला, तिच्या गोळ्यांवर मात्र भरवसा टाकू नका. फिनलंडमध्ये २९ हजारांवर सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा अभ्यास झाला. त्यात गाजरातलं बीटा कॅरोटीन गोळीतून घेणाऱ्यांना फुप्फुसाचा कॅन्सर कमी नाही, जास्तच झाला. १९९४ सालची ही गोष्ट. आणि तंबाखूची चिमूट तोंडात धरून भाजीच्या गुणांवर बोलण्यात काही अर्थ नाही.

(पुन्हा रान. खड्डा.)

इथं एक नरक्या होता. मुळासकट काढला. मुळांत द्रव्य जास्त, म्हणून मुळंही सोडत नाहीत. तुकडे करून पोत्यात भरतात आणि दलाल ते किलोवर घेतो. तोडणाऱ्याच्या हाती रोजंदारीपेक्षा थोडं जास्त पडतं. झाड कशाला लागतं, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

दहा पावलांवर हा दुसरा बुंधा. वीतभर वर कापलाय, मुळं जमिनीतच आहेत. बघा, धुमारे फुटलेत. पाच. एका धुमाऱ्यावर मुंगी चढतेय.

(रोपवाटिका.)

जांभळट फळांचा गर चोळून काढायचा, बी ताजी असतानाच पिशवीत पेरायची. या ताई हेच काम करतात. आम्ही विचारलं, "एवढी रोपं, वास नाही येत?"

"अजून फुलं कुठं आल्यात? आली म्हंजे कळंलच."