टीव्हीचा आवाज आणि पाटाचं पाणी

श्रोतेहो, नमस्कार.

मागच्या पावसाळ्यात कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या एका घरून निरोप आला, "टीव्हीला आवाज येतोय, पण बोललेलं कळत नाही. येऊन बघून जा." गेलो. ५५ इंची नवा टीव्ही भिंतीला लावलेला, खाली केबलचा बॉक्स, समोर खुर्चीत आजी. वय ८० च्या पुढे. आवाज ४८ वर. मालिकेतलं संगीत मला बोळाच्या तोंडापासूनच ऐकू येत होतं, आणि आजी मात्र सुनेला विचारत होत्या, "काय म्हणाली गं ती?" सून सांगेपर्यंत पुढचं वाक्य निघून जायचं. आजी मला म्हणाल्या, "मलाच आता कमी ऐकू येतंय बाबा. टीव्हीचा काय दोष न्हाई."

हे वाक्य मी इतक्या घरांतून ऐकलंय की आज त्यावरच बोलायचं ठरवून आलोय. वयाने कान थोडे मंदावतात, हे खरं. पण दोष टीव्हीतही असतो. जुना डबा टीव्ही आठवा. त्याचे स्पीकर पडद्याच्या शेजारी, थेट तुमच्याकडे तोंड करून असायचे. आताचा टीव्ही दोन बोटं जाडीचा. त्यात स्पीकरला जागाच नाही, म्हणून तो खाली नाहीतर मागे भिंतीकडे तोंड करून बसवतात. ढोलाचा, पावसाचा जाड आवाज कोपऱ्यातून वळूनही आपल्यापर्यंत येतो. पण बोलण्यातले स, श, त, क हे बारीक आवाज सरळ रेषेत जातात. ते भिंतीवर आणि शोकेसवर आपटून विरतात, आणि शब्द ओळखू येतो तो त्यांच्यावरच. म्हणून आवाज कितीही वाढवला तरी गोंगाट वाढतो, शब्द काही उमगत नाही.

त्या घरात माळ्यावर जुना होम थिएटर पडून होता. पाच स्पीकर, जाड आवाजाचा एक वूफर, सगळं शाबूत. नवा टीव्ही घेतला तेव्हा दुकानात सांगितलं होतं म्हणे, की हा आता याला चालणार नाही. हे मला पटत नाही. स्पीकर असा वर्षा-दोन वर्षांत म्हातारा होत नाही. बदलते ती फक्त जोडायची पिन.

आपल्याकडे उसाला पाणी पाजताना दारं धरतात, हे तुम्हाला मी काय सांगायचं. पाणी विहिरीतून पाटात, पाटातून सरीत. कुठलं दार उघडं आहे आणि कुठलं बुजवलंय, एवढं ज्याला माहीत, त्याचा सगळा ऊस भिजतो. टीव्हीच्या मागची वायरिंग बघतानाही एवढंच विचारा: आवाज निघतो कुठून आणि त्याला पोचायचंय कुठं? केबलचा बॉक्स ही एक विहीर. टीव्हीतली ॲप ही दुसरी. दोन्हींचं पाणी एकाच पाटाने स्पीकरपर्यंत न्यायचं असेल, तर ते आधी टीव्हीत आणायचं आणि तिथून एका वायरीने बाहेर काढायचं. पुष्कळ घरांत बॉक्सच्या लाल-पांढऱ्या पिना परस्पर होम थिएटरला लावलेल्या असतात. त्याने केबलचे चॅनेल छान वाजतात, पण मोबाईलवरून काही लावलं किंवा टीव्हीतलं ॲप उघडलं, की होम थिएटर गप्प. मग लोकांना वाटतं, तो बिघडला. तो बिघडलेला नसतो. दुसऱ्या विहिरीचं पाणी त्याच्यापर्यंत पोचतच नसतं.

तुमच्याकडे साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर, किंवा त्यातल्या त्यात नवा होम थिएटर असेल, तर काम एका एचडीएमआय वायरीत होतं. ही वायर चित्र आणि आवाज दोन्ही एकत्र नेते. टीव्हीच्या मागे दोन-तीन एचडीएमआयची भोकं असतात. त्यातल्या एकाशेजारी बारीक अक्षरात एआरसी किंवा ई-एआरसी असं लिहिलेलं असतं. साउंडबारची वायर त्याच भोकात गेली पाहिजे. पाटाचं पाणी उलटं चढत नाही, पण या एका भोकात आवाज उलटा येतो, टीव्हीतून बाहेर. ही सोय २००९ पासून आहे. बाकीच्या भोकांत आवाज फक्त आत जातो. तेव्हा केबलचा बॉक्स त्या दुसऱ्या भोकात लावा. मी बघितलेल्या निम्म्याहून जास्त तक्रारी या दोन वायरींच्या अदलाबदलीच्या होत्या. बॉक्स बसवायला आलेला माणूस घाईत असतो, हाताला येईल त्या भोकात वायर घालतो आणि जातो. मागे वाकून वाचता येत नसेल, तर मोबाईल मागे सरकवून फोटो काढा आणि मोठा करून बघा. वायर काढण्याआधीही एक फोटो काढून ठेवा, म्हणजे परत कुठली कुठं, ही शोधाशोध नको.

वायर बरोबर लावूनही आवाज नाही आला, तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये जा. तिथे सीईसी नावाची एक गोष्ट चालू करावी लागते. प्रत्येक कंपनीने तिचं वेगळं बारसं केलंय. सॅमसंगच्या टीव्हीत एनीनेट प्लस, एलजीच्या टीव्हीत सिंपलिंक, सोनीच्या टीव्हीत ब्राव्हिया सिंक. ती चालू झाली की टीव्हीच्याच रिमोटने साउंडबारचा आवाज कमी-जास्त होतो. घरातल्या वयस्कर माणसाच्या हातात तीन रिमोट द्यायचे नसतील, तर एवढं कराच.

आजींचा होम थिएटर मात्र एचडीएमआयच्या आधीचा. त्याला मागे फक्त लाल आणि पांढरी पिन. आणि नव्या टीव्हीला लाल-पांढरं बाहेर काढायची सोयच नाही, हेडफोनचं भोकसुद्धा नाही. होतं ते ऑप्टिकल, चौकोनी, झडप लावलेलं. या वायरीतून वीज जात नाही, लाल उजेड जातो, आणि त्या उजेडाच्या लुकलुकण्यात आवाज असतो. तोशिबा कंपनीने १९८३ मध्ये आणलेली ही पद्धत अजून टिकून आहे. उजेडाचा पुन्हा लाल-पांढरा आवाज करायला काडेपेटीपेक्षा थोडी मोठी एक डबी मिळते, काही शे रुपयांत. ती आणली. ऑप्टिकल वायरीच्या टोकाला प्लास्टिकची पारदर्शक टोपी असते, ती काढली. सांगायचं कारण, टोपीसकट वायर दाबून बसवलेली मी अनेकदा बघितली आहे. सगळं जोडलं, बटण दाबलं, आणि आवाज नाहीच. नुसती खरखर.

आजींच्या मुलाचा चेहरा पडला. पण खरखर येते म्हणजे काहीतरी पोचतंय. टीव्ही डॉल्बीच्या भाषेत, म्हणजे आवाज गुंडाळून पाठवायच्या पद्धतीत, बोलत होता आणि डबीला ती भाषा येत नव्हती. टीव्हीच्या ऑडिओ सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट होतं, तिथे ऑटोच्या जागी पीसीएम, म्हणजे न गुंडाळलेला साधा आवाज, केलं. खरखर गेली आणि स्वच्छ आवाज आला. तरी आजी हो म्हणेनात. संगीत घरभर, बोलणं अजून अंधुकच.

मग स्पीकरना एकेक करून कान लावला. पडद्याच्या खालचा मधला स्पीकर मुका होता. पाच स्पीकरच्या संचात माणसांचं बोलणं मुख्यतः या मधल्यातून येतं. लाल-पांढऱ्या पिनांतून डावा आणि उजवा एवढेच दोन आवाज येतात, मधल्याच्या वाट्याला वेगळं काही येत नाही. होम थिएटरच्या रिमोटवर प्रो लॉजिक असं बटण होतं. ते या दोनांतूनच मधला आवाज वेगळा काढतं. ते दाबलं. स्टेडियम नावाचा इफेक्ट कुणीतरी लावून ठेवला होता, तो काढला. आणि उजव्या स्पीकरच्या मागे लाल वायर काळ्याच्या जागी होती, ती सरळ केली. वायर उलटी असली की एक स्पीकर हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो. जाड आवाज एकमेकांना खाऊन टाकतात आणि मधलं बोलणं पोकळ होतं. ही चूक डोळ्यांनी दिसते, मागे बघितलं की पुरे, तरी वर्षानुवर्षं तशीच राहते.

आजी खुर्चीत पुढे सरकल्या. "आता बोलाय लागली बघ ती." मी आवाज कमी करत गेलो, त्या थांब म्हणेनात. शेवटी स्वयंपाकघरातून सुनेने विचारलं, "टीव्ही बंद केला काय?"

आता दोन घाईच्या गोष्टी. होम थिएटर लावल्यावर बोलणं घुमल्यासारखं, दोनदा आल्यासारखं वाटलं, तर टीव्हीचा स्वतःचा स्पीकर चालूच राहिलाय. ते दार बुजवा, सेटिंगमधून. आणि ब्लूटूथ स्पीकर टीव्हीला जोडायची हौस असेल तर गाण्यांपुरती ठेवा. आपल्या कोल्हापुरात फुटबॉल कसा बघतात, ते तुम्हाला माहीत आहे. ब्लूटूथवर चेंडू जाळ्यात दिसतो आणि लाथेचा आवाज मागून येतो. काही टीव्हींत हा फरक कमी करायची सोय असते, पण वायरीची सर त्याला येत नाही.

एक गोष्ट मात्र निवांत सांगायची आहे, कारण ती माझ्या घरात घडली. होम थिएटर बारीक आवाजात सतत घुंई करत होता. केबलची जाड काळी वायर बॉक्समधून काढली की घुंई बंद, लावली की सुरू. म्हणजे विजेच्या ५० हर्ट्झची ती घरघर केबलच्या वायरीच्या जाळीतून येत होती. घराचं अर्थिंग आणि बाहेरून येणाऱ्या केबलचं अर्थिंग यांचा मेळ नव्हता. तेव्हा मी ते चालवून घेतलं. मेमध्ये वळवाचा पाऊस आला. टीव्ही रिमोटने बंद होता, भिंतीवरचं बटणही बंद होतं. जवळच कुठेतरी वीज पडली. त्याच वायरीने दणका बॉक्समध्ये आला, बॉक्समधून एचडीएमआयने टीव्हीत आणि टीव्हीतून पुढे. तीनही वस्तू एका क्षणात गेल्या. एकमेकांना जोडलेल्या वस्तू आवाज वाटून घेतात, तसा हा झटकाही वाटून घेतात.

तेव्हा घुंई ऐकू आली तर केबलवाल्याला आणि वायरमनला, दोघांनाही अर्थिंग बघायला लावा. आणि ढग गडगडायला लागायच्या आधीच पिना बोर्डातून उपसून ठेवा, केबलची वायरही बॉक्समधून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. गडगडाट सुरू झाला असेल तर मात्र वायरींना हात लावू नका. ती केबलची पिन आट्यांची असते. पितळी नट धरून डावीकडे फिरवा, वायर धरून ओढू नका, नाहीतर आतली तांब्याची तार वाकते आणि पाऊस थांबल्यावर चित्र फुटायला लागतं.

नमस्कार.