पाऊस, द्राक्षं आणि बाळाचा ताप

गोदावरीला पूर किती, हे नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे बघून सांगतात. पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं, छातीला लागलं. फ्लूची साथ किती, ते बघायला मात्र बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यातल्या या बाकड्यापाशी यावं लागतं.

ऑगस्टची संध्याकाळ. दाराबाहेर ओल्या चपलांचा ढीग. चार वर्षांचा नातू आजीच्या मांडीवर, डोक्याला कानटोपी. "पावसात भिजला, दुसरं काय!"

आजी, पाऊस बिचारा निमित्त. ही शाळेची रिक्षा बघा. प्लास्टिकचे पडदे खाली, काचेवर वाफ, आत पोरं नि दप्तरं खच्चून भरलेली. एक शिंकला की विषाणूला फार लांब जावं लागत नाही. दोनेक दिवसांत दुसऱ्याला ताप.

आपल्याकडे फ्लू वर्षातून दोनदा उसळतो. एकदा पावसाळ्यात, आणि पुन्हा जानेवारी ते मार्च. तेव्हा नेमकी द्राक्षं बाजारात आलेली असतात, मग सगळं खापर त्यांच्यावर! जगभरात मोठ्यांपैकी वर्षाला ५ ते १० टक्के लोकांना फ्लू गाठतो. मुलांमध्ये हे प्रमाण २० ते ३० टक्के. शिवाय मुलं विषाणू जास्त दिवस पसरवत राहतात.

आता हा फ्रीज. तापमान २ ते ८ अंश. आतल्या फ्लूच्या लशीच्या या इवल्या सिरिंजमागे मोठा खटाटोप आहे. फ्लूचा विषाणू सतत रूप पालटतो, म्हणून जगभरातून नमुने गोळा होतात आणि जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लशीतले विषाणू ठरवते: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. म्हणूनच गेल्या वर्षीची लस यंदा चालत नाही. म्हणूनच गेल्या वर्षीची लस यंदा चालत नाही.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना ती दरवर्षी द्यावी, असं भारतातल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. शक्यतो पावसाळ्याआधी. पण सरकारच्या मोफत लसीकरणात ती नाही. पोलिओचे थेंब फुकट, ही मात्र खिशातून.

काहींचा ताप न्यूमोनियावर जातो. २०१८ साली जगात पाच वर्षांखालची सुमारे ३५ हजार मुलं फ्लूमुळे दगावली असावीत, असा अंदाज आहे.

आणि ही कानटोपीवाल्याची बहीण, सात महिन्यांची. सिस्टरांनी मांडी पुसली. टोचलं. लस पहिल्यांदा घेताना दोन डोस, म्हणून चार आठवड्यांनंतरची तारीख कार्डावर पडली. आजीने पिशवीतून दुसरी कानटोपी काढली.