ज्याचा कागद त्याच्याच पाकिटात

[पाकिटाचं तोंड उघडतंय, स्लो मोशन]

हे जे आत्ता तुम्ही बघताय ते खऱ्या स्पीडला डोळ्याला नीट दिसतच नाही, म्हणून मुद्दाम हळू केलंय. वरून रबरी कप खाली येतात, त्यातून हवा खेचली जाते, पाकिटाची वरची बाजू त्यांना चिकटून उचलली जाते आणि तोंड उघडतं. लगेच दोन्ही बाजूंनी पत्र्याच्या पातळ पट्ट्या आत शिरून ते तोंड उघडं धरतात, मागून घडी केलेले कागद आत ढकलले जातात, पट्ट्या बाहेर, कप सुटले, पाकीट पुढे. बस, एवढंच. पाकिटं भरणारी आजची मोठी मशीन्स हेच काम तासाला 20 हजार पाकिटांच्या वर करतात. इथलं मशीन जुनं आहे, त्याच्या बरंच खाली चालतं, पण त्याचा प्रत्येक हात, प्रत्येक चाक उघड्यावर आहे म्हणून कॅमेऱ्याला दिसतं.

जागा नवी मुंबईतली, तुर्भे एमआयडीसी. बाहेर पाऊस धो धो कोसळतोय आणि आत सीझन जोरात आहे. हा सीझन म्हणजे कंपन्यांच्या वार्षिक सभांचा. मार्चला वर्ष संपणाऱ्या कंपनीला 30 सप्टेंबरच्या आत सभा घ्यावी लागते, सभेच्या 21 दिवस आधी नोटीस द्यावी लागते, म्हणजे हिशेब केला तर बहुतेकांची पाकिटं जुलै-ऑगस्टमध्ये, फार तर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत निघायला हवीत. भर पावसात. आणि कागदाचा पावसाशी उभा दावा असतो हे इथे कोणालाही विचारा.

स्क्रीनवर जी पानं दिसतायत ती डमी आहेत हे आधीच सांगतो. लोकांची खरी पानं शूट करायची नाहीत ही इथली अट होती आणि मला ती शंभर टक्के पटली.

[टेबलावर कागदाचे गठ्ठे, ऑपरेटर ताईंचे हात]

आता हे हात बघा. ताई गठ्ठा उचलतात, पत्ते पिसावेत तसा एका बाजूने फुलवतात, उलटा करून दुसऱ्या बाजूने फुलवतात, मग टेबलावर ठोकून चारही कडा सरळ करतात आणि मगच तो मशीनवर चढवतात. बघणाऱ्याला वाटतं सवय असेल. सवय नाहीये ती. प्रिंटरमधून कागद गरम आणि कोरडा बाहेर येतो, पानं एकमेकांना चिकटतात, मग इथली दमट हवा लागली की कडा ओलावा पितात आणि कागद वाकायला लागतो. तसाच गठ्ठा लावला तर मशीन एकाऐवजी दोन पानं उचलणार, त्याला म्हणतात डबल फीड, आणि आख्ख्या शेडमध्ये कुठल्या शब्दाची धास्ती असेल तर ती याची. पाकिटांचं दुखणं वेगळंच. फ्लॅपवर वाळलेला गोंद असतो, पाणी लागलं की चिकटणारा, आणि पावसाळ्यात त्याला पाणी द्यावंच लागत नाही, तो हवेतूनच घेतो आणि पाकीट रिकामंच बंद होऊन बसतं! म्हणून पाकिटांचे खोके मशीनवर जाईपर्यंत प्लास्टिकमध्येच ठेवतात आणि एसी रात्रीही बंद करत नाहीत.

[घडी घालणारे रोलर, जवळून]

ए-फोर कागद 297 मिलिमीटर लांब. तीन भाग केले की 99. हे जे लांबट पाकीट आपल्याकडे बँकेचं, विम्याचं येतं त्याचं माप 220 बाय 110, म्हणजे घडी घातलेल्या कागदाला उंचीत सगळी 11 मिलिमीटर मोकळीक. त्यात पाकिटाला पारदर्शक खिडकी, आणि त्या खिडकीतून पत्ता पूर्ण दिसला पाहिजे. घडी जरा चुकली, कागद आत थोडा सरकला की पिनकोडची ओळ खिडकीच्या खाली जाते. म्हणून नवीन जॉब, म्हणजे एखाद्या कंपनीच्या पाकिटांचं काम, सुरू करताना पहिली काही पाकिटं ताई हातात घेऊन टेबलावर आपटतात, आधी डावी कड, मग उजवी, मग खालची, आणि प्रत्येक वेळी खिडकीत बघतात. पत्ता हलला तरी शेवटपर्यंत दिसायला हवा. दिसला नाही तर घडी परत सेट.

ही खिडकी पण शोधूनच काढलेली आहे बरं का. शिकागोच्या अमेरिकस कॅलाहान यांनी 1902 साली तिचं पेटंट घेतलं. त्याआधी पत्ता दोनदा लिहावा लागायचा, एकदा पत्रावर, एकदा पाकिटावर, आणि दोनदा लिहिलं की अदलाबदल होणारच. खिडकी आली आणि आतल्या कागदावरचा पत्ताच बाहेर दिसायला लागला. माझ्या मते पाकीट भरायचं काम मशीनला देता आलं त्याची खरी सुरुवात इथे झाली.

पाकीट बनवायचं मशीन तर त्याच्याही आधीचं. पोस्टाच्या तिकिटाची कल्पना आणणारे रोलंड हिल यांचे भाऊ एडविन हिल आणि वॉरन डे ला रू, या दोघांनी 1845 साली इंग्लंडमध्ये पाकिटं घडवणाऱ्या मशीनचं पेटंट घेतलं आणि 1851 च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात ते लोकांना चालवून दाखवलं. पण पाकीट बनवणं वेगळं आणि भरणं वेगळं. भरण्यासाठी कागद मोजून उचलायला हवा, आणि एकच उचलायला हवा.

[हलणारा हात, बाजूने]

तो प्रश्न ज्याने सोडवला तो हा हात. वरच्या कप्प्यात माहितीपत्रकांचा गठ्ठा आहे. हवेचा कप सगळ्यात खालच्या पानाची कड खाली ओढतो, हा हात पुढे झुलतो, त्याचा चिमटा ती कड पकडतो आणि मागे येताना पान खेचून खालच्या पट्टीवर सोडतो. पट्टी एक घर पुढे सरकते, पुढचा हात पुढचं पत्रक त्याच्यावर टाकतो. आणि यातली खरी अक्कल चिमट्यात आहे! त्याने किती जाडी पकडली ते तो मोजतो, एका पानाची जाडी आधी शिकवून ठेवलेली असते, दोन पानं आली की जाडी जास्त भरते, शून्य आलं तर कमी, दोन्ही वेळेला मशीन जागच्या जागी थांबतं. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात डेलावेअर नदीच्या काठी फिलिप्सबर्ग नावाचं गाव आहे, या जातीच्या मशीनला आजही त्या गावाच्या नावाने ओळखतात. पुढे ते बेल अँड हॉवेल कंपनीकडे आलं. तीच कंपनी जी सिनेमाचे कॅमेरे आणि प्रोजेक्टर बनवायची, आणि आमच्या कॅमेरामनला हे कळल्यावर तो या हाताचंच शूटिंग करत बसला, म्हणून तुम्हाला हा शॉट इतका लांब दिसतोय.

[पानाच्या कडेच्या काळ्या रेघा]

आता मला ज्यासाठी ही फिल्म करायची होती ते. पानाच्या कडेला या बारीक काळ्या रेघा दिसतायत ना, शिडीच्या पायऱ्यांसारख्या? तुमच्या घरी आलेल्या एखाद्या जुन्या स्टेटमेंटवर बघा, सापडतील. आता बऱ्याच ठिकाणी त्याच्या जागी छोटा चौकोनी कोड असतो. या रेघा माणसासाठी नाहीत, मशीनसाठी आहेत. हे पहिलं पान, हे मधलं, हे या माणसाचं शेवटचं, आता पाकीट भर, असं त्या सांगतात, आणि सोबत क्रमांकही असतो म्हणजे मधलं पान गळलं तर कळतं. कारण कोणाला एक पान जातं, कोणाला तीन. आणि समजा एक पान चिकटून पुढच्या पाकिटात गेलं आणि कोणाला कळलंच नाही, तर चूक एका पाकिटाची राहत नाही, तिथून पुढे प्रत्येक पाकिटात मागच्याचं पान जाऊ शकतं. या घरच्या माणसाचा पॅन नंबर, बँक खातं, किती शेअर, सगळं त्या घरी. स्पीडचं कौतुक सगळे करतात, पण दुसऱ्याचा कागद आपल्या हातात पडत नाही ही त्या मशीनची आणि ते चालवणाऱ्या बायकांची खरी कमाई आहे, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही.

लाल दिवा लागला. मशीन थांबलं. ताईंनी पट्टीवरचे दोन सेट उचलले, क्रमांक वाचले, पाकिटासकट बाजूच्या ट्रेमध्ये ठेवले. यातलं काहीही हाताने सरळ करून परत आत घालायचं नाही हा नियम आहे. ते क्रमांक नव्याने छापले जाणार, जुने कागदाचे बारीक तुकडे करणाऱ्या मशीनमध्ये जाणार.

[ट्रेमध्ये रांगेने पडणारी पाकिटं]

पाकिटं बाहेर पडतायत ती पिनकोडच्या क्रमाने, कारण छापायच्या आधीच यादी तशी लावलेली असते. पिनकोड सुरू झाला 15 ऑगस्ट 1972 ला, आणि तो आणणारे पोस्ट खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर आपलेच, मराठी माणूस, आणि संस्कृतचे मोठे पंडित. पहिला आकडा विभागाचा, महाराष्ट्र-गोव्याला 4. तीन आकड्यांत सॉर्टिंगचा जिल्हा कळतो, 400 म्हणजे मुंबई, 403 गोवा. वजनही बघावं लागतं, पोस्टाचा पहिला टप्पा 20 ग्रॅमचा, 80 जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला 80 ग्रॅम भरणाऱ्या कागदाचं, एक ए-फोर पान 5 ग्रॅम भरतं, म्हणजे तीन पानं आणि पाकीट झालं की काटा टोकाला येतो, त्यात कोणी जाड पत्रक घाला म्हणालं की आख्ख्या जॉबचा पोस्टखर्च बदलतो.

हा जॉब म्हणजे काय तर ज्यांनी ईमेल दिलेला नाही अशा शेअरहोल्डरांना जाणारं पत्र. पूर्वी जाडजूड वार्षिक अहवालच घरी यायचा. 2011 मध्ये सरकारने ईमेलने पाठवायला परवानगी दिली, 2020 च्या कोरोनात छापील प्रत जवळजवळ बंदच झाली, आणि 2024 च्या डिसेंबरपासून शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या नियमाप्रमाणे ईमेल नसलेल्यांना अहवालाची लिंक कळवणारं पत्र जातं. छापील अहवाल मागितला तर अजूनही द्यावा लागतो, मागा, लाजू नका. शेडमध्ये हाताने पाकिटं भरणाऱ्या बायका असायच्या, त्यांचं काम या मशीनने गेलं, आणि आता ईमेलमुळे मशीनचंही कमी होतंय.

जॉब संपला. संगणकावर यादी आणि बाहेर पडलेली पाकिटं यांची मिळवणी होते, बाजूला काढलेले क्रमांक लाल दिसतायत. त्यांची नवी पानं छापून आली आहेत, ताई ती हाताने घडी घालून भरतात, खिडकीत पत्ता बघतात, पाकीट वाचक यंत्राखाली धरतात आणि एकेक क्रमांक हिरवा होतो. सगळे हिरवे झाल्याशिवाय पोस्टाची गाडी बोलवत नाहीत.