बीटल्सच्या जाहिरातफिती आणि अकरा सेकंदांचा तुकडा

नमस्कार श्रोतेहो.

आज बीटल्स या इंग्लंडमधल्या चौघांच्या बँडबद्दल बोलायचं आहे. पण त्यांच्या गाण्यांबद्दल कमी आणि त्या गाण्यांची जाहिरात करायला ज्या छोट्या फिल्म्स काढल्या, त्यांच्याबद्दल जास्त. गाणी आपण मोबाइलवर केव्हाही ऐकतो. या फिती मात्र कितीतरी वर्षं धड बघायला मिळत नव्हत्या.

1965 साल. लिव्हरपूलच्या या चौघांना जगभरातून टीव्हीची बोलावणी यायची. सगळीकडं जाणार कसं? मग ठरलं, आपण जायचं नाही, फिल्म पाठवून द्यायची. 23 नोव्हेंबर 1965 ला ट्विकनहॅमच्या स्टुडिओत जो मॅकग्राथ या दिग्दर्शकानं एका दिवसात पाच गाण्यांच्या दहा फिती उरकल्या. कृष्णधवल, व्हिडिओ टेपवर. त्यातली ‘हेल्प’ची फीत मला फार आवडते. चौघं एकामागं एक, घोड्यावर मांड ठोकावी तसे बाकावर बसलेत. रिंगो ड्रम वाजवणारा, पण त्याच्यापुढं ड्रमच नाहीत. तो आपला छत्री उघडून बसलाय. शेवटी वरून खोटा बर्फ पडायला लागतो. पैसा नाही, नेपथ्य नाही, एवढ्यावर भागवलंय, आणि तरी नजर हलत नाही.

पुढच्या वर्षी, 20 मे 1966 ला, लंडनच्या चिझिक हाउसच्या बागेत मायकेल लिंडसे-हॉग यांनी त्यांना रंगीत फिल्मवर घेतलं. त्यातल्या ‘रेन’च्या फितीत कॅमेरा चौघांतल्या पॉल मॅकार्टनीच्या जवळ जातो, तेव्हा त्याच्या पुढच्या दाताचा उडालेला टवका स्पष्ट दिसतो. डिसेंबर 1965 मध्ये तो मोपेडवरून पडला होता. आज कुठल्या गायकाचा असा दात कुणी पडद्यावर जाऊ देईल? म्हणून तर या फिती मला खऱ्या वाटतात.

1966 च्याच ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोला त्यांचा शेवटचा तिकिटाचा कार्यक्रम झाला आणि दौरे थांबले. आता लोकांना ते दिसणार ते फिल्ममधूनच. 30 आणि 31 जानेवारी 1967 ला केंट परगण्यातल्या नोल पार्कमध्ये ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’ची फीत झाली. दिग्दर्शक पीटर गोल्डमन, स्वीडनचे. एक वठलेलं झाड, त्याच्या फांद्यांपासून खाली पियानोपर्यंत ताणलेल्या तारा, आणि मॅकार्टनी जमिनीवरून उलटा झाडावर उडतोय. झाडावरून मारलेली उडी उलटी फिरवून दाखवली, एवढंच. माझ्या मते या सगळ्यांत हीच सरस. इथं गाणं म्हणण्याचं नाटकसुद्धा कुणी करत नाही.

याच चित्रीकरणाच्या वेळी चौघांतला जॉन लेनन जवळच्या सेव्हनओक्स गावात जुन्या वस्तूंच्या दुकानात गेला आणि तिथं त्यानं 1843 सालचं सर्कशीचं पोस्टर विकत घेतलं. पाब्लो फँक यांची सर्कस, रॉचडेल गाव, 14 फेब्रुवारीचा खेळ. एका रात्रीच्या खेळाची जाहिरात! खेळ संपला की फाडून टाकायचा कागद. पण तो सव्वाशे वर्षं टिकला आणि त्यावरच्या ओळींतून ‘बीइंग फॉर द बेनिफिट ऑफ मिस्टर काइट’ हे गाणं उभं राहिलं.

श्रोतेहो, जाहिरातीच्या कागदाची किंमत कोल्हापूरकरांना वेगळी सांगायला नको. आपल्या बाबूराव पेंटरांनी चित्रपटाची पोस्टरं स्वतः रंगवली, माहिती आणि छायाचित्रं असलेल्या पुस्तिका काढल्या. आणि गमावणं म्हणजे काय, हेही या गावाला ठाऊक आहे. त्यांचा 1925 चा मूक ‘सावकारी पाश’ आज बघायला मिळत नाही. 1948 च्या जाळपोळीत भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ जळाला. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, पण त्या कॅमेऱ्यातून जे टिपलं, त्यातलं बरंचसं गेलं.

बीटल्सच्या बाबतीत आग लागली नव्हती. तिथं माणसांनी हातानं पुसलं. त्या काळी दोन इंच रुंदीची व्हिडिओ टेप फार महाग. कार्यक्रम दाखवून झाला की बीबीसीत त्याच टेपवर दुसरा कार्यक्रम घ्यायचे. ‘टॉप ऑफ द पॉप्स’ हा गाण्यांचा साप्ताहिक कार्यक्रम 1 जानेवारी 1964 ला सुरू झाला; साठच्या दशकातले त्याचे बहुतेक भाग असेच गेले. 16 जून 1966 ला बीटल्स स्वतः त्या स्टुडिओत उभे राहिले होते, तोही भाग पुसला. कुणी वाईट हेतूनं केलं नाही. पुन्हा कुणी बघेल, असं वाटलंच नाही.

मग 2019 मध्ये त्या पुसलेल्या भागाचा अकरा सेकंदांचा एक तुकडा पुढं आला. कुणीतरी घरात टीव्हीसमोर बसून आठ मिलिमीटरचा हौशी कॅमेरा पडद्यावर रोखला होता. आवाज नाही. त्यापाठोपाठ दुसऱ्या एका घरातून त्याच कार्यक्रमाचा दीड मिनिटाचा, असाच मुका तुकडा निघाला. एवढ्या मोठ्या संस्थेकडं जे उरलं नाही, ते एका हौशी माणसानं राखलं. आणि ज्या जाहिरातफिती वाचल्या होत्या, त्या 2015 मध्ये न्यूयॉर्कला अठरा जणांनी तीन महिन्यांहून अधिक काळ एकेक चौकट साफ करून परत उजेडात आणल्या.

म्हणून श्रोतेहो, माझं एक मागणं आहे. शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत, राजारामपुरीत कितीतरी घरांच्या माळ्यावर जुने डबे आणि कॅसेटी पडून असतील. गणपतीतला ऑर्केस्ट्रा, कॉलेजातल्या पोरांचा बँड, लग्नाच्या वरातीत वाजणारी मंडळी. दिवाळीच्या साफसफाईत ते भंगारवाल्याला देऊ नका. आपल्याकडचा पावसाळा फिल्मचा वैरी आहे, तेव्हा ओलीपासून लांब, कोरड्या आणि गार जागी ठेवा. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर फिल्म कुजायला लागली आहे. तो डबा बाकीच्यांपासून वेगळा करा आणि प्रोजेक्टरवर चढवू नका. कॅसेटच्या खिडकीतून पांढरी बुरशी दिसली, तर ती प्लेअरमध्ये घालू नका, आधी जाणत्या माणसाकडून साफ करून घ्या. चित्रपटाची रिळं असतील, तर पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 पासून हेच काम करतंय, त्यांना कळवा. आणि प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावा: कुणाचा कार्यक्रम, कुठं झाला, साल कोणतं. हे लिहिताना घरातल्या थोरल्यांना शेजारी बसवा; वाजवणाऱ्यांची नावं त्यांनाच सांगता येतील.